हमी न देणारा किनारा: वेळासचा कासव महोत्सव, तिथला घरगुती मुक्काम आणि वेंगुर्ल्याची कांदळवन फेरी

"शनिवारी आलो तर पिल्लं नक्की दिसतील ना?" कासव महोत्सवाच्या चौकशीत सगळ्यांत जास्त विचारला जाणारा हा प्रश्न, आणि त्याचं खरं उत्तर एकच आहे: सांगता येत नाही. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर जायचं ठरवण्याआधी हे उत्तर नीट पचवून घ्यावं. जिथून फोनवर "नक्की दिसतील, काळजी करू नका" असं ऐकू येईल तिथे जाऊच नये. ती हमी पाळायची तर वाळूतून वर आलेली पिल्लं टबात किंवा बादलीत राखून ठेवावी लागतात, आणि तसं राखलेलं पिल्लू समुद्रात जाईपर्यंत निम्मं खर्ची पडलेलं असतं. त्याचं कारण पुढे येईलच.

हे परीक्षण मुख्यतः मंडणगड तालुक्यातल्या वेळासच्या कासव महोत्सवाचं, म्हणजे समुद्री कासवांची पिल्लं लोकांसमोर समुद्रात सोडण्याच्या हंगामाचं, आणि तिथल्या घरगुती मुक्कामाचं आहे. जोडीला वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका वल्ह्याच्या होडीतून कांदळवन, म्हणजे खारफुटीचं जंगल दाखवतात, त्या फेरीचं. दोन्हीकडे सेवा गावच्या माणसांच्या हातात आहे, आणि जे दाखवायचं ते जिवंत आहे, वेळेवर हजर राहीलच असं नाही. अशा सेवेकडे हॉटेलच्या नजरेने पाहिलं तर निराशा ठरलेली. इथे पाहायचं ते हे: पाहुण्याच्या सोयीसाठी कासवाला किंवा खाडीला वाकवलं जातंय का, आणि तुम्ही दिलेला रुपया कुणाच्या घरात राहतो.

वेळास हे सावित्रीच्या मुखाजवळचं, बाणकोटच्या शेजारचं गाव. नाना फडणवीसांचं गाव म्हणून इतिहासात नाव आहेच. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेची माणसं पांढऱ्या पोटाच्या समुद्रगरुडाची पाहणी करत किनाऱ्याने फिरत होती, तेव्हा त्यांना इथे कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. तोवर अंडी माणसं उकरून नेत, उरलेली कुत्री आणि कोल्हे संपवत. संस्थेने घरटी राखायला सुरुवात केली, गावातल्याच माणसांना कासवमित्र म्हणून कामाला घेतलं. पुढे पिल्लं पाहायला लोक येऊ लागले तेव्हा गावात हॉटेल नव्हतं, म्हणून सोय घरांत झाली. हॉटेल नव्हतं हे या गावाचं भाग्यच म्हणायचं. आधी रिसॉर्ट उभं राहिलं असतं तर घरांच्या वाट्याला फार तर कपडे धुण्याचं काम आलं असतं.

आता जिथे खरी गुणवत्ता तपासता येते तिथे येऊ, म्हणजे उबवण केंद्रावर. वाळूत जाळीचं कुंपण घातलेला हा एक चौकोन असतो. बहुतेक पाहुणे त्यावर नजर टाकून पुढे जातात. खरं तर अर्धा तास इथेच काढावा.

ऑलिव्ह रिडले जातीची मादी कोकणात साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रात्री किनाऱ्यावर येते. वल्ह्यांसारख्या मागच्या पायांनी दीड फूटभर खोल, सुरईच्या आकाराचा खड्डा करते, त्यात बहुधा शंभर ते दीडशे अंडी घालते, वाळू लोटते, अंगाने थोपटून पक्की करते आणि परत जाते. पहाटे कासवमित्र किनारा चालतो तेव्हा त्याला पाण्यातून वर आलेला आणि परत गेलेला असा दुहेरी माग दिसतो. मागाच्या टोकाला वाळू विस्कटलेली असते. अंडी नेमकी कुठे आहेत ते हाताने चाचपून शोधायचं. फावडं चालत नाही, एक घाव आणि आठ-दहा अंडी फुटतात.

अंडी हलवायची ती शक्य तितक्या लवकर, सकाळच्या गारव्यात. सुरुवातीचे काही तास उलटले की आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो. त्यानंतर अंडं फिरलं, उलटं झालं किंवा त्याला हिसका बसला की गर्भ सुटतो आणि मरतो. बाहेरून अंडं जसंच्या तसं दिसतं. पन्नास दिवसांनी उकरल्यावर ते कुजलेलं निघतं. म्हणून उशिरा सापडलेल्या घरट्यातली अंडी ज्या बाजूने वर होती तीच बाजू वर ठेवून उचलावी लागतात. बादलीच्या तळाला त्याच घरट्याची ओली वाळू घालायची, अंडी रचायची, वरून पुन्हा वाळू. मोटरसायकलच्या हँडलला बादली लटकवून खडबडीत रस्त्याने नेणं म्हणजे केलेलं काम पाण्यात घालणं.

केंद्रातला खड्डाही मादीने केला असता तसाच हवा: सुमारे ४५ सेंटीमीटर खोल, तोंड अरुंद, तळ रुंद. खड्डा उथळ झाला तर वाळू तापते, फार खोल झाला तर खालचं पाणी अंड्यांना लागतं. दोन घरट्यांत मीटरभर अंतर असावं, नाहीतर एका घरट्यात लागलेली बुरशी आणि मुंग्या शेजारी पोचतात. एवढ्या जवळ गर्दी झाली तर उष्णताही वाढते. कासवाच्या पिल्लाचं लिंग वाळूच्या तापमानावर ठरतं: साधारण २९-३० अंशांच्या आसपास दोन्ही, त्याहून गार वाळूत नर जास्त, गरम वाळूत माद्या जास्त, आणि पस्तिशीच्या जवळ गेली की अंडी शिजल्यासारखीच. म्हणून मार्चनंतर केंद्रावर सावलीची जाळी दिसायला हवी. ती नसेल तर का नाही, हे जरूर विचारावं. उत्तर देणारा कासवमित्र वैतागत नाही, उलट खूश होतो. त्याला कुणी हे विचारतच नाही.

प्रत्येक घरट्यावर पाटी असते: अंडी ठेवल्याची तारीख आणि अंड्यांची संख्या. वाचायला शिकलात तर तीच पाटी तुमचं वेळापत्रक. ठेवल्याच्या तारखेत ४५ ते ५५ दिवस मिळवायचे. १५ जानेवारीचं घरटं साधारण १ ते ११ मार्चच्या दरम्यान फुटेल. थंडीतली घरटी दोन-चार दिवस जास्त घेतात, मार्चमधली लवकर आटोपतात. म्हणजे फोनवर "पिल्लं दिसतील का" असं विचारण्यापेक्षा "पुढच्या आठवड्यात किती घरटी पंचेचाळीस दिवस ओलांडतात" असं विचारावं. चार-पाच घरटी त्या टप्प्यात असतील तर शक्यता बरी, एकच असेल तर समुद्र आणि जेवण यांच्या भरवशावर निघावं.

एका घरट्यातली सगळी पिल्लं एकदम येत नाहीत. बरेचदा दोन-तीन दिवस येत राहतात. त्यामुळे एका रात्रीचा मुक्काम हा जुगार होतो आणि दोन रात्री हा बरा सौदा. शुक्रवारी दुपारी पोचलात तर शुक्रवार संध्याकाळ, शनिवार सकाळ, शनिवार संध्याकाळ, रविवार सकाळ अशा चार वेळा केंद्रावर हजर राहता येतं. तेवढेच दिवस सोमवार ते बुधवार काढता आले तर त्याहून उत्तम. शनिवार-रविवारची गर्दी आणि मंगळवारची शांतता यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सोडणं होतं ते साधारण सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. घरट्यावर पालथी ठेवलेली टोपली उचलली जाते, पिल्लं असली तर मोजली जातात, पाण्यापासून काही अंतरावर वाळूवर ठेवली जातात. दोरीच्या अलीकडे तुम्ही, पलीकडे ती. त्यांना चालत जाऊ द्यायचं, उचलून लाटेत टाकायचं नाही. हा चालण्याचा टप्पा त्यांच्या वाढीचाच भाग मानला जातो. पिल्लू मागे-पुढे झालं, उलटं पडलं की प्रेक्षकांतून "अरे, मदत करा त्याला" असा गलका होतो. मदत करणारा कासवमित्र तिथे असतो, आपण जागचं हलायचं नाही.

इथेच या सेवेतली सर्वांत अवघड तडजोड आहे, आणि ती वेळासची नाही, पिल्लं लोकांसमोर सोडणाऱ्या कोणत्याही गावाची आहे. पिल्लं निसर्गतः रात्री, वरची वाळू गार झाली की बाहेर पडतात. बाहेर पडल्यावर त्यांच्यात साधारण एक दिवसभर जबरदस्त उसळी असते. पोटात उरलेल्या बलकावर ती न थांबता पोहतात आणि किनाऱ्याजवळच्या शिकारी माशांच्या टप्प्यातून खोल पाण्यात निसटतात. टोपलीखाली किंवा टबात वळवळण्यात हीच ताकद संपते. पहाटे वर आलेलं पिल्लू सातला सोडलं तर नुकसान थोडं. सकाळी नऊला आलेलं संध्याकाळी सहापर्यंत थांबवलं तर त्याला सावलीत, अंधारात, ओलसर वाळूवर, पाण्याशिवाय शांत ठेवणं भाग आहे. पाणी दिसलं की ते पोहू लागतं आणि थकतं. म्हणून ज्या किनाऱ्यावर पाण्याने भरलेल्या टबात पोहणारी पिल्लं फोटोसाठी दाखवली जातात, तिथून काढता पाय घ्यावा आणि जाताना हे कारणही सांगावं. रात्री दोनला घरटं फुटलं आणि कासवमित्राने तिथल्या तिथे सोडून दिलं, सकाळी तुम्हाला रिकामी टोपली दिसली, तर त्याने काम चोख केलं. पैसे वाया गेले असं वाटून घेऊ नये.

पाहुण्यांकडून होणाऱ्या चुका ठरावीक आहेत. मोबाइलचा फ्लॅश आणि पांढरी बॅटरी ही पहिली. पिल्लू उजळ क्षितिजाकडे वळतं. अंधाऱ्या किनाऱ्यावर ते क्षितिज समुद्राचं असतं, तुमच्यामुळे ते रस्त्याचं होतं. बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटिन कागद दुहेरी करून रबराने लावला की काम भागतं. वाळूवर गाडी नेणं ही दुसरी. टायरच्या चाकोरीत पडलेलं दीड-दोन इंची पिल्लू भिंतीतून वाट काढल्यासारखं चालत राहतं आणि बाहेर निघत नाही. शिवाय दबलेल्या वाळूत मादीला खड्डा करता येत नाही. पिल्लं हातात घेणं तर गुन्हाच आहे, ऑलिव्ह रिडलेला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. आणि रात्री "मादी अंडी घालताना बघू" म्हणून किनाऱ्यावर हिंडणं: माणसाची चाहूल किंवा उजेड लागला की मादी अंडी न घालताच परत फिरते. रात्री जेवून झोपावं.

मार्गदर्शन करणाऱ्याकडून चांगली माहितीही मागून घ्यावी. २०२२च्या जानेवारी-फेब्रुवारीत कोकणातल्या पाच माद्यांना उपग्रह ट्रान्समीटर लावले गेले. त्यांतली पहिली, 'प्रथमा', वेळासच्या किनाऱ्यावरची, 'सावनी' आंजर्ल्याची, 'वनश्री', 'रेवा' आणि 'लक्ष्मी' गुहागरच्या. पुढच्या वर्षी गुहागरहून सोडलेली 'बागेश्री' श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांची कासवं वेगळी वेगळी असं समजणाऱ्यांना हा धक्काच होता. ही गोष्ट टोपली उचलण्याआधी दहा मिनिटं नीट सांगितली तर पिल्लं दिसली नाहीत तरी माणूस रिकामा परतत नाही. कथनाची ही बाजू गावोगावी अजून कच्ची आहे. काही कासवमित्र अतिशय जाणकार आहेत, पण शे-दीडशे लोकांसमोर आवाज पोचत नाही आणि मागची निम्मी माणसं नुसती उभी असतात. पंचवीस-तीसचा एक गट आणि प्रत्येक गटामागे एक सांगणारा, एवढं केलं तरी सेवेचा दर्जा दुप्पट होईल. गावातली बारावी झालेली मुलं-मुली या कामाला आहेतच, त्यांना मानधन मात्र ठरवून द्यायला हवं.

आता मुक्काम. घर म्हणजे घरच: माजघरात किंवा ओटीवर गाद्या, काही ठिकाणी वेगळी खोली, संडास-न्हाणी बरेचदा अंगणापलीकडे. हे चालणार नसेल तर दापोली-हर्णैकडे मुक्काम करून यावं, पण मग सकाळच्या सातला पोचण्यासाठी काळोखात निघावं लागेल. जेवणाबद्दल तक्रारीला जागा नाही. फेब्रुवारी-मार्च म्हणजे ओल्या काजूंची उसळ आणि कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी यांचे दिवस. त्याबरोबर तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, सोलकढी, सकाळी घावने किंवा आंबोळ्या. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगावं आणि त्याचे वेगळे पैसे द्यावेत. वीस माणसांचे मोदक म्हणजे एका बाईची अख्खी सकाळ. मासे सगळ्याच घरांत मिळतील असं नाही, घर ठरवतानाच विचारावं. पनीर मागू नये.

दर गावाने ठरवलेले असतात आणि दरवर्षी बदलतात, म्हणून इथे आकडा देत नाही. पण पैसा कसा वाटला जातो ते एका काल्पनिक हिशेबाने पाहू. समजा मुक्काम, न्याहारी, दोन जेवणं आणि चहा मिळून माणशी ८०० रुपये. शिधा आणि गॅस यांत ३०० जातात. चादरी-उशांचं धुणं, वीज, पाणी, साबण यांत १००. गावच्या निधीला ५०. उरले ३५०, ते घरच्या बाईच्या कष्टाचे. सहा पाहुणे दोन रात्री राहिले तर ४,२०० रुपये. आता मधे शहरातला दलाल आला आणि त्याने २५ टक्के घेतले, म्हणजे २०० रुपये. शिध्याचे पैसे कमी होत नाहीत, धुण्याचे होत नाहीत, निधी द्यावाच लागतो. ते दोनशे सरळ तिच्या साडेतीनशेतून जातात, उरतात दीडशे. पुढच्या हंगामात ती काजूची उसळ वगळून बटाटा वाढू लागते, पाहुणा म्हणतो "पूर्वीसारखं राहिलं नाही." म्हणून नोंदणी थेट गावात करावी. शहरातून गट घेऊन येणारा संयोजक असेल तर त्याला विचारावं की घराला माणशी किती देता. चांगले संयोजक हे न लपवता सांगतात.

दुसरी अडचण घरांच्या पाळीची, म्हणजे पाहुणे कोणत्या घरी जातात याची. रस्त्यालगतची दोन-चार घरं भरलेली आणि आतल्या वाडीतली रिकामी, हे चित्र कोकणातल्या बहुतेक पर्यटन गावांत दिसतं. त्यावर उपाय साधा आहे: नोंदणीचा एकच फोन, घरांची यादी, आणि पाळीने वाटप. पाहुण्याला ठरावीक घर हवं असेल तर त्याने मागावं, बाकीचे यादीप्रमाणे. असं वाटप होत असेल तर गावात कासवाविषयी कुरबूर राहत नाही. ज्या वाडीला काहीच मिळत नाही तिथल्या माणसाने घरटं राखावं, माग दिसला की कळवावं, ही अपेक्षा कशाच्या जोरावर करायची?

पाण्याबद्दल स्पष्ट लिहायला हवं. मार्च उलटला की किनाऱ्याजवळच्या विहिरी खाली जातात आणि उपसा वाढला की मचूळ होतात. वीस लिटरच्या बादलीत आंघोळ होते. शॉवर मागणाऱ्या पाहुण्याला तेवढं पाणी पाच मिनिटंही पुरत नाही. घरमालकाने शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून निदान १५ मीटर लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला घ्यावा. वाळूमय जमिनीत सांडपाणी झपाट्याने झिरपतं. गर्दीच्या हंगामानंतर विहिरीचं पाणी तपासून घेणं हा खर्च निधीतूनच व्हावा. पाहुण्यांनी बाटलीबंद पाण्याची खोकी आणू नयेत. उकळलेलं पाणी मागितलं की मिळतं, आणि रिकाम्या बाटल्या उचलायला इथे शहरासारखी घंटागाडी रोज येत नाही.

पोचण्याचे मार्ग दोन. मुंबई-पुण्याकडून मंडणगडमार्गे सरळ रस्ता आहे. श्रीवर्धन-हरिहरेश्वर करून येणाऱ्यांनी बागमांडल्याहून वेसवीला फेरीबोटीने खाडी ओलांडावी, गाडीही बोटीत चढते. शेवटची फेरी किती वाजता ते त्या दिवशी विचारून निघावं. सुट्टीच्या दिवशी रांगेत तास जातो. घरापासून किनाऱ्यापर्यंत चालावं लागतं, वयस्कर माणसं असतील तर पहाटे लवकर निघून सावकाश जावं.

किनारा कासवाला टिकवायचा असेल तर एक गोष्ट गावकऱ्यांनाही सांगावीशी वाटते. सुरूच्या झाडांची लागवड भरतीरेषेपर्यंत आणू नये. वाळू धरून ठेवायला म्हणून सुरू लावला जातो, पण त्याच्या मुळांचं जाळं मादीच्या वल्ह्यांना आड येतं आणि सावलीने वाळू गार पडते. मर्यादावेल आणि किनाऱ्यावरचं गवत हेच काम अडथळा न आणता करतात. त्याच कारणासाठी दगडी बंधारा हा शेवटचा उपाय ठेवावा. जिथे बंधारा तिथे मादीला वर चढायला वाळूच उरत नाही.

आता वेंगुर्ला. मांडवी खाडीतली स्वामिनी गटाची फेरी लहान आहे, साधी आहे, आणि कोकणातल्या अशा सेवांत आमच्या मते सर्वांत जमून आलेली. होडी वल्ह्यावर चालते, बायका स्वतः वल्हवतात, अंगात जीवरक्षक जाकीट असतं. इंजिन नाही याचा फायदा दुहेरी आहे: बगळे आणि खंड्या उडून जात नाहीत, आणि इंजिनच्या लाटांनी काठचा चिखल ढासळत नाही. कांदळवनाची कोवळी रोपं त्याच चिखलात रुजतात.

दाखवलं जातं ते झाड. कांदळाची कमानीसारखी आधारमुळं, तिवराची चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली श्वासमुळं, पांढऱ्या चिपीची त्याहून जाडजूड, निमुळती श्वासमुळं. मुळं अशी का, तर भरतीच्या चिखलात प्राणवायू जवळपास नसतो, तो हवेतून घ्यावा लागतो. तिवराच्या पानाच्या पाठीला जीभ लावली तर खारट लागतं. झाड मीठ पानावाटे बाहेर टाकतं. कांदळाची फळं झाडावर असतानाच रुजतात आणि लांब शेंगेसारखं रोप खाली चिखलात उभं रुततं. भरतीच्या वेळी पडलं तर तरंगत दुसरीकडे जातं. पांढरी चिपी हा २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे. ही सगळी माहिती मालवणी ढंगाने, खाडीत तिसऱ्या (शिंपल्या) आणि कालवं काढत वाढलेल्या बाईच्या तोंडून ऐकण्यात जी गंमत आहे ती माहितीफलकात नाही.

फेरी पूर्णपणे भरतीवर अवलंबून. ओहोटीला आतल्या फाट्यांत होडी चिखलाला लागते. म्हणून "दुपारी दोनला या" असं वर्षभराचं वेळापत्रक कुणी देऊ शकत नाही. पंचांग असेल तर ढोबळ हिशेब घरी करता येतो: तिथीचा पाऊणपट केला की पूर्ण भरतीची वेळ येते. दशमीला साडेसात, म्हणजे सकाळी आणि रात्री साडेसातच्या आसपास. पंचमीला पावणेचार. हा अंदाज आहे, खाडीत आणि दक्षिणेला थोडा फरक पडतो, म्हणून नेमकी वेळ गटालाच विचारावी. पूर्ण भरतीच्या आधी तासभर निघालं तर पाणी चढतं असतं आणि परतीची घाई नसते. पावसाळ्यात फेरी नसते हे गृहीत धरावं. गाळाच्या वासाने नाक मुरडणाऱ्यांना सांगायला हवं की तो वास सडक्या घाणीचा नाही, त्या गाळातच कोळंबी आणि खेकड्यांची पिल्लं वाढतात.

वेंगुर्ल्याचा गट उभा राहिला त्याच्या मागे संस्थात्मक आधार होता, हे नव्या गावांनी लक्षात घ्यावं. राज्याच्या वनविभागाने २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष काढला आणि २०१७ मध्ये कांदळवन संवर्धन आणि उपजीविका निर्माण योजना आली. तिच्यात गटाने उभारलेल्या प्रकल्पाला ९० टक्के रक्कम शासनाची आणि १० टक्के गटाची, एकट्याने केलेल्या प्रकल्पाला ७५ आणि २५ टक्के असं सूत्र आहे. खेकडापालन, कालवं, शोभेचे मासे यांबरोबर निसर्ग पर्यटनही त्यात बसतं. होडी मिळते, पण चुका पुढेच होतात: होडीच्या दुरुस्तीसाठी पैसा बाजूला काढलेला नसतो. लाकडी होडीला दरवर्षी पावसाआधी ओढून घेणं, फटी बुजवणं, तेल देणं लागतं. फायबरची असेल तर तळाला खरचटलेलं भरून घ्यावं लागतं. जाकिटांचे पट्टे आणि बकल खाऱ्या हवेत दोन-तीन हंगामांत जातात. फेरीमागे ठरावीक रक्कम दुरुस्तीच्या खात्यात आधी टाकून मगच उरलेली वाटायची, असा नियम पहिल्या दिवशी केला नाही तर तिसऱ्या वर्षी होडी काठाला उपडी पडलेली दिसते. जाकीट न घालता कुणी होडीत बसवत असेल तर ती फेरी घेऊ नये, फाटलेलं जाकीट मिळालं तर बदलून मागावं.

दोन्ही सेवांची मर्यादा एकच: हंगाम छोटा. कासवाचे तीन महिने, खाडीचे आठ. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मंडणगड, दापोली पट्ट्यातल्या नारळ-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. नवी बाग हाती यायला सहा-सात वर्षं लागतात. अशा वेळी पाहुण्यांचे चार पैसे घराला किती आधार देतात हे वेगळं सांगायला नको, पण तेही वर्षातून तीन महिनेच मिळाले तर तरुण मुंबईची वाट धरणारच.

म्हणून यजमानाला एक मागणी जरूर करावी: सकाळी पिल्लं पाहून झाली की आम्हाला सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, आणि देवराईत न्या. रत्नागिरी-सिंधुदुर्गातलं बरंचसं जंगल खासगी मालकीचं आहे. लाकूड व्यापाऱ्याला एकदाच उभा उतार विकला की तोडीचे पैसे मिळतात, आणि मागे राहिलेल्या झाडाचे काहीच मिळत नाहीत. देवराईतल्या जुन्या बेहड्याच्या, सातविणीच्या ढोलीत धनेश पक्ष्याचं घरटं असतं. मादी स्वतःला आत कोंडून घेते आणि नर दोन-तीन महिने बारीक फटीतून फळं भरवतो. या घरट्याचा काळ कासवाच्या हंगामाला जोडूनच येतो. घरट्यापासून चांगलं लांब, झाडाआडून, दुर्बिणीने, अर्ध्या तासाहून कमी वेळ पाहायचं. नर फळ घेऊन जवळ येऊन परत फिरू लागला की उठून निघायचं. नेणाऱ्या मुलाला वेगळं मानधन द्यावं, आणि ज्याच्या जमिनीत ते झाड उभं आहे त्याच्यासाठीही काही रक्कम गावाच्या निधीत त्याच्या नावाने जमा करावी. वेळासच्या घरांत हा विषय काढला तर कोण नेऊ शकेल ते तिथेच कळतं. चपला मात्र घट्ट आणा, मार्चमधला कातळ दहा वाजताच भाजतो.